छायाचित्रांतील मैदान कोणतें?

जुन्या बेसबॉलच्या छायाचित्राखालीं जें स्थळ लिहिलेलें असतें तें खरें धरून चालणें धोक्याचें आहे. चित्र घेणारा निराळा, विकणारा निराळा, आणि पुढें कित्येक वर्षांनीं अल्बमांत चिकटवून त्याखालीं गांवाचें नांव घालणारा त्याहूनही निराळा. एकदां नांव पडलें कीं पुढील ग्रंथकार तेंच उतरून घेतात, आणि दहा जणांनीं छापलें म्हणून तें प्रमाण ठरतें. ज्या मैदानाची आज एक फळीही उरलेली नाहीं, त्याच्या इतिहासांत असा साक्षीदार भलत्याच नांवानें उभा राहिला तर निवाडा कसा व्हावा?

बॉस्टन शहराचेंच उदाहरण घेऊं. १९०१ पासून १९११ पर्यंत तेथें आगगाडीच्या रुळांच्या एका बाजूस हंटिंग्टन अव्हेन्यूचें मैदान व दुसऱ्या बाजूस नॅशनल लीगच्या संघाचें साउथ एंड मैदान होतें. तेव्हां चित्रांत रूळ, वखारी वा धुराडीं दिसलीं एवढ्यावरून कांहींच ठरत नाहीं. तो शेजार दोघांचाही होता. येथें प्रेक्षकगृहाकडे पाहावें लागतें. साउथ एंड येथें १८८८ सालीं अणकुचीदार मनोऱ्यांचें दुमजली, लाकडी प्रेक्षकगृह बांधण्यांत आलें. असें दुमजली प्रेक्षकगृह बॉस्टनमध्यें दुसरें नव्हतें. १५ मे १८९४ रोजीं बाल्टिमोरशीं सामना चालू असतां उजवीकडील बांकांखालीं आग लागली आणि मैदानासह भोंवतालची वस्तीही जळाली. विम्याची रक्कम अपुरी पडल्यानें नवें प्रेक्षकगृह लहान झालें. म्हणजे चित्रांत तो दुमजली मंडप असेल तर स्थळ कळलेंच, पण काळही सहा वर्षांच्या आंत येऊन बसला.

तो आणखी आवळतां येतो. १८९३ सालीं चेंडू फेंकणाऱ्याचें अंतर वाढवून ६० फूट ६ इंच करण्यांत आलें आणि आंखलेल्या चौकटीऐवजीं रबराची पट्टी आली. जमिनीवर चौकट दिसली तर चित्र १८९२ पर्यंतचें. फलंदाजापुढील होम प्लेट पांच बाजूंची दिसली तर मात्र थबकावें. ती १९०० सालीं आली, आणि तोंवर तें प्रेक्षकगृह राख होऊन गेलें होतें. अशा वेळीं आपलाच तर्क कोठें तरी चुकला आहे, हें कबूल केलें पाहिजे. ही कबुली देणें मैदान ओळखण्याहून कठिण आहे, असा आमचा अनुभव आहे; कारण मनानें आधींच निवडलेलें मैदान डोळ्यांस दिसूं लागतें.

कधीं कांच उलटी ठेवून चित्र छापलें जातें. मग धांवणारा गडी घड्याळाच्या कांट्याप्रमाणें धांवतो आणि जाहिरातींचीं अक्षरें उलटीं होतात. हें न तपासतां इमारतींची दिशा जुळवीत बसणें व्यर्थ श्रम होत.

इमारतींसाठीं उत्तम साधन म्हणजे सॅनबोर्न कंपनीचे नकाशे. आगीचा विमा उतरविणाऱ्यांसाठीं ते काढलेले असत. विटांचीं घरें गुलाबी, लाकडी पिवळीं. ज्या आगीच्या भयानें हे नकाशे निघाले, त्याच आगीनें साउथ एंड खाल्लें, हाही एक योगच.

१९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सीरीजचें म्हणून दाखविल्या जाणाऱ्या चित्रासही हीच कसोटी लावावी. त्यांतील पहिले तीन व शेवटचा आठवा सामना बॉस्टनला, मधले चार पिट्सबर्गला झाले; तेव्हां केवळ साल सांगून स्थळ कळत नाहीं. ३ ऑक्टोबरच्या तिसऱ्या सामन्यास १८,८०१ प्रेक्षक होते आणि लोक मैदानांतच उतरले. शेवटच्या सामन्यास आठ हजारही नव्हते. मैदानावर लोटलेली गर्दी दिसत असेल आणि मागच्या इमारती हंटिंग्टन अव्हेन्यूच्या नकाशाशीं जुळत असतील, तर निदान आठवा सामना वगळतां येतो. पहिल्या तिन्हींपैकीं कोणता, हें केवळ गर्दीवरून सांगूं नये.

हंटिंग्टन अव्हेन्यूच्या त्या जागेवर आतां नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आहे. जेथून चेंडू फेंकला जाई त्या जागीं, अदमासानें, साय यंग या खेळाडूचा पुतळा १९९३ पासून उभा आहे. तो वांकून होम प्लेटच्या दिशेस पाहत आहे.