शिकून आलेले १३० जण

‘परदेशी गुंतवणूक’ हे शब्द बातम्यांत आले की आपलं लक्ष भाजीच्या फोडणीकडे वळतं. इतक्या हजार कोटींचा करार झाला, सह्या झाल्या, फोटो निघाले. आपला त्यात काय संबंध, असं वाटतं. म्हणून आज आम्ही एका कराराची गोष्ट सांगणार आहोत. त्या करारातून पुढे लाखो बायका शिलाई मशीनवर बसल्या. ही गोष्ट आपल्या शेजारच्या बांगलादेशची आहे.

१९७१ साली हा देश स्वतंत्र झाला, तोच युद्धाने मोडलेला. १९७४ मध्ये तिथे मोठा दुष्काळ पडला. परदेशात विकण्यासारखा माल म्हणजे मुख्यतः ताग, आणि प्लॅस्टिक आल्यापासून गोणपाटाची मागणी घटत चालली होती. कपडे शिवून परदेशी पाठवायचा धंदा तिथे जवळजवळ नव्हताच.

त्याच १९७४ साली श्रीमंत देशांनी कापड आणि कपड्यांच्या आयातीवर नवी बंधनं घातली. कोणत्या देशाने किती माल पाठवायचा ते ठरवून दिलं. त्याला म्हणायचे कोटा. दक्षिण कोरिया तेव्हा कपडे शिवण्यात फार पुढे होता, पण कोटा भरला की त्याचा माल अडायचा. बांगलादेशातून मालच जात नव्हता, त्यामुळे त्याच्यावर बंधनही नव्हतं. कोरियाच्या देवू कंपनीने हे बरोबर हेरलं.

१९७८ मध्ये देवूने चितगावच्या ‘देश गारमेंट्स’शी करार केला. ‘देश’चे मालक नुरुल कादिर हे पूर्वी सरकारी अधिकारी होते. देवूने मशीनं द्यायची, काम शिकवायचं आणि माल विकून द्यायचा. बदल्यात विक्रीतले आठ टक्के घ्यायचे, असं ठरलं. ‘देश’ने आपले १३० जण कोरियातल्या बुसान शहरी सहा महिने शिकायला पाठवले. त्यांत काही स्त्रियाही होत्या.

ते काय शिकले? एकटीने अख्खा शर्ट शिवायचा नाही. एकीने कॉलर, दुसरीने बाही, तिसरीने काजं, आणि माल मशीनमागून मशीन पुढे सरकत जायचा. कटिंग कसं लावलं की कापड वाया जात नाही, माल कसा तपासायचा, परदेशी गिऱ्हाइकाशी कागदपत्रं कशी करायची, हेही ते शिकले. १९८० मध्ये चितगावला काम सुरू झालं, आणि १९८१ मध्ये ‘देश’ने देवूशी केलेला करार संपवूनही टाकला. आता आपलं आपल्याला जमतंय, असा विश्वास आला होता.

खरी गंमत पुढे आहे. त्या १३० जणांपैकी बहुतेक जण काही वर्षांत ‘देश’ सोडून गेले. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याच्या कारखान्यात शिकवायला गेलं. भांडवलाची अडचण होती, तीही सुटली. परदेशी गिऱ्हाइकाने बँकेमार्फत पैशांची हमी दिली की त्या हमीवर कापड उधार आणता येऊ लागलं. निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर कर भरावा लागत नव्हता. त्यामुळे हाताशी फार पैसा नसणाऱ्यालाही कारखाना काढता आला. आज बांगलादेशच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे, आणि सुमारे चाळीस लाख लोक हे काम करतात. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत.

ज्या घरांतून बाई एकटी बाजारालाही जात नव्हती, तिथल्या मुली पगार घेऊ लागल्या. कारखान्यांच्या आसपासच्या गावांत मुली जास्त वर्षं शाळेत राहतात आणि त्यांची लग्नं उशिरा होतात, असं अभ्यासकांना आढळलं. थोडं लिहिता-वाचता येणाऱ्या मुलीला चांगलं काम मिळतं, हे आईबापांना दिसत होतं.

मग सगळं छानच झालं का? नाही. १९९४ मध्ये या कामाचा किमान पगार महिना ९३० टका ठरला. तो पुढे वाढला थेट २००६ साली. मधली बारा वर्षं महागाई काही थांबली नव्हती. तोवर धंद्याची रीतही बदलली होती. मोठ्या परदेशी कंपन्या कारखान्यात पैसा घालत नव्हत्या, फक्त ऑर्डर देत होत्या. लेबल त्यांचं, इमारत आणि जबाबदारी दुसऱ्याची.

२३ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावर इथे राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला तडे गेले. तिथल्या बँकेने आपल्या माणसांना घरी पाठवलं. खालची दुकानं बंद राहिली. वरच्या मजल्यांवर कपड्यांचे पाच कारखाने होते. तिथल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. अनेकींना आत जायचं नव्हतं. पगार कापण्याच्या धमकीने त्या गेल्या. सकाळी इमारत कोसळली. अकराशेहून जास्त माणसं मेली.

मैत्रिणींनो, तडे सगळ्यांनीच पाहिले होते. बँकेतल्या माणसांना घरी जाता आलं आणि शिलाईवालीला नाही. कौशल्य तिच्याकडे भरपूर होतं. ‘मी आत येणार नाही’ असं म्हणायची सोय तिच्याकडे नव्हती.

त्यानंतर महिनाभरातच परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात एक करार झाला. पुढे दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. बाहेरचे इंजिनिअर दीड हजारांहून अधिक कारखाने तपासू लागले, त्यांचे अहवाल लोकांसमोर आले, आणि धोका वाटला तर काम नाकारण्याचा हक्क कामगारांना मिळाला. हा करार कंपन्यांना कायद्याने बांधणारा होता, नुसतं आश्वासन नव्हतं. त्याच वर्षी किमान पगार ५३०० टका झाला. तो पुरेसा आहे असं कामगारांनी तेव्हाही म्हटलं नाही, आणि पुढच्या वाढीसाठी त्या पुन्हा रस्त्यावर आल्या.

परदेशी कंपनी आली म्हणजे देश विकला, असं आम्ही म्हणत नाही. आली म्हणजे भलं झालंच, असंही नाही. देवू गेली, पण बुसानला शिकलेलं चितगावात राहिलं आणि पसरलं, हा मोठा फायदा झाला. तो फायदा मशीनवरच्या बाईपर्यंत पोचायला मात्र तीस वर्षं आणि हजारावर जीव लागले.

आपल्या तालुक्याच्या एमआयडीसीत उद्या बाहेरची कंपनी आली, तर ग्रामसभेत आपण किती कोटी आले एवढंच विचारून बसू नये. आमच्या मुलींना काय शिकवणार? पगार किती वर्षांनी वाढणार? इमारत कोण तपासणार, आणि तो अहवाल आम्हाला वाचायला मिळणार का? भिंतीला तडा दिसला, तर बाहेर थांबलेल्या बाईचा पगार कापणार नाही, असं कुठे लिहून देणार? एवढं विचारायला शिकलेलं असायलाच हवं असं नाही. चार जणी मिळून उठलो, तरी पुरे.