शिक्का आणि मोर्तब

श्रोतेहो, गणपतीपुळ्याला बोलायचं म्हणजे शेजारच्या मालगुंडला वगळून चालत नाही. १८६६ साली तिथे कृष्णाजी केशव दामले जन्मले. मराठी कवितेला त्यांनी नवं वळण दिलं. पण सही काय केली? ‘केशवसुत’, म्हणजे केशवाचा मुलगा. पुढे १९९४ मध्ये त्यांच्या मालगुंडच्या स्मारकाचं उद्घाटन केलं ते कुसुमाग्रजांनी, म्हणजे कुसुमच्या थोरल्या भावानं! स्वतःला लोकांपुढे मांडताना ही माणसं आधी नातं सांगत होती.

ही खोड कवींचीच नव्हे, मराठी पत्राचीही होती. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि साष्टांग नमस्कार, धाकट्याला ‘चिरंजीव’ आणि अनेक आशीर्वाद. मायना म्हणजे काय, तर आपण कोणाशी बोलतो आहोत हे तोंड उघडण्याआधी ठरवणं. लग्नपत्रिकेला हळदकुंकू लागे, मृत्यूचं कार्ड वाचून फाडून टाकत. मजकुराआधीच मनाची तयारी होई.

आणि शेवट? ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यात दोन ठसे आहेत बघा. शिक्का वर, लिहिणाऱ्याची ओळख देणारा. मोर्तब खाली, मजकूर संपला असं सांगणारा. शिवाजी महाराजांच्या पत्रांत ही शेवटची मुद्रा आहे ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे इथे मर्यादा शोभते. पेशवाईतल्या कागदांवर ‘लेखनसीमा’ आढळते. व्यवहारात उपयोग साधा: खाली कोणी भलतं काही घुसडू नये. पण अर्थ मोठा आहे. कुठे थांबायचं हे लिहिणाऱ्यानं आधी स्वतःला सांगायचं.

आता जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणणार नाही. मायना माणसाचा दर्जा पाहून ठरे. बाईची ओळख तर ‘सौभाग्यवती’ किंवा ‘गंगाभागीरथी’. म्हणजे नवरा आहे की नाही, एवढीच. ते परत आणायचं नाही. समाजमाध्यमांनी ही उतरंड मोडली, प्रत्येकाला स्वतःच्या नावानं बोलता आलं, हे चांगलंच झालं.

पण उतरंडीबरोबर समोरच्याकडे बघणंही गेलं. हे दुसऱ्यांना सांगत नाही, आमच्यावरूनच सांगतो. मागे एकदा आमचा सत्कार झाला. शाल-श्रीफळाचा फोटो आम्ही लगेच जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. वर काय आहे ते पाहिलंच नाही. वर आमच्याच एका सहकाऱ्याच्या निधनाची बातमी होती, त्यांच्या मुलानं दिलेली. खाली आम्ही, हसत! फोटो काढून टाकला, पण तोवर पुष्कळांनी पाहिला होता. मुलगा काही बोलला नाही. आठवड्यानं घरी भेटायला गेलो, तर त्यानंच आम्हाला पाणी दिलं. जन्मभर नीतिशास्त्र शिकवलं, पण त्या दिवशी मान वर होईना.

तेव्हा मायना आणि मोर्तब यांतलं आज घ्यायचं ते इतकंच. लिहिण्याआधी वर बघावं, कोण आहे आणि कशात आहे. आणि आपलं झालं की थांबावं. शिक्का काय, हल्ली प्रत्येकाकडे आहे: नाव आहे, फोटो आहे. मोर्तब मात्र ज्याचं त्यानंच उमटवायचं असतं.

आमचंही इथेच थांबवतो. नमस्कार.