उमेदवारांचा संतोष आणि त्याचें मोजमाप

१. सरकारी नोकरीच्या इतिहासासाठीं आजवर जीं साधनें उपयोगांत आलीं, तीं बहुतेक नेमणूक करणाराच्या बाजूचीं आहेत. सनदा, तैनातजाबते, पगाराचीं पत्रकें यांवरून कोणास काय मिळालें हें कळतें. ज्यांस कांहींच मिळालें नाहीं त्यांची नोंद क्वचित् सांपडते. कौटिल्यानें अमात्यांची शुचिता धर्म, अर्थ, काम व भय या चार उपधांनीं पारखावी असें सांगितलें आहे. परंतु त्या परीक्षेंतून गेलेल्या मनुष्यास ती कशी वाटली हें विचारण्याचें प्रयोजन त्यास दिसलें नाहीं. ‘उमेदवार’ हा शब्द फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा यापासून झालेला. आमच्या कचेऱ्यांतून बिनपगारी राबून जागा रिकामी होण्याची वाट पाहणारास हेंच नांव होतें. त्या आशेचें लेखी रूप म्हणजे अर्ज. अशा आशाळभूतांनाच एखादें सरकार ‘अर्ज करतांना तुम्हांस काय अनुभव आला’ असें रीतसर विचारूं लागतें, ही इतिहासांत नवी गोष्ट होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या मध्यवर्ती सरकारानें विसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही चाल पाडली. तिची पूर्वपीठिका काय, अशा पाहण्यांत काय उतरतें व काय निसटतें, आणि पुढील संशोधकानें त्यांवर कितपत भिस्त ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. आरंभ जुन्या कागदांपासून करणें सोयीचें. जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं १७८९ सालीं अध्यक्षपद स्वीकारलें त्या वेळीं नवें सरकार नुकतेंच उभें राहत होतें आणि प्रत्येक जागेसाठीं पत्रें येऊं लागलीं होतीं. १७८९ ते १७९६ या काळांतील हे अर्ज व शिफारसपत्रें वॉशिंग्टन यांच्या कागदपत्रांत स्वतंत्र मालिका म्हणून आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्यें जतन केलेलीं आहेत. गेलार्ड हंट यांनीं त्यांची वर्णनात्मक यादी तयार करून १९०१ सालीं प्रसिद्ध केली. ही यादी चाळणारास असें दिसून येईल कीं, ज्यांस जागा मिळाली त्यांच्याच शेजारीं, त्याच वर्णानुक्रमांत, ज्यांस मिळाली नाहीं तेहि बसले आहेत. दफ्तराच्या दृष्टीनें यशस्वी व अयशस्वी हा भेद तेथें नाहीं.

या काळांतील एकच प्रकरण नमुन्यादाखल देतों. मेरी कॅथरिन गॉडर्ड या बाई १७७५ पासून बाल्टिमोर येथील पोस्टमास्तर होत्या. त्यांचा छापखानाहि होता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची, सह्या करणारांच्या नांवांसह अशी पहिली छापील प्रत १७७७ च्या जानेवारींत त्यांच्याच छापखान्यांतून निघाली. १७८९ सालीं त्यांस कामावरून दूर करून त्यांच्या जागीं एका पुरुषाची नेमणूक झाली. या कामास प्रवास फार पडेल व तो बाईमाणसास झेपणार नाहीं, अशी सबब पुढें करण्यांत आली. बाल्टिमोरच्या दोनशेंहून अधिक नागरिकांनीं बाईंच्या बाजूनें सह्या केल्या, आणि डिसेंबर १७८९ मध्यें बाईंनीं खुद्द वॉशिंग्टन यांस अर्ज लिहिला. जानेवारी १७९० मध्यें वॉशिंग्टन यांचें उत्तर आलें. या प्रकरणीं आपण हात घालीत नाहीं, असा त्याचा आशय. बाईंची जागा गेली ती गेली. परंतु त्यांचा असंतोष, त्याचीं कारणें, त्यास पाठिंबा देणारांचीं नांवें आणि सरकारचें उत्तर असा सर्व पुरावा आज दोनशेंहून अधिक वर्षांनींहि आपल्यापुढें आहे. असंतोषाचें मोजमाप तेव्हां नव्हतें. पण असंतोष मात्र अक्षरशः उरला.

३. पुढें पक्षाच्या वशिल्यानें जागा वांटण्याची चाल अमेरिकेंत बळावली. तिचा शेवट एका उमेदवाराच्याच हातून घडून आला. चार्ल्स गिटो नांवाचा इसम पॅरिस येथील वकिलातीची जागा आपणांस मिळावी म्हणून खेटे घालीत होता. ती न मिळाल्यावर त्यानें २ जुलै १८८१ रोजीं अध्यक्ष गारफील्ड यांजवर गोळी झाडली. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष निवर्तले. या घटनेनें लोकमत खवळून १६ जानेवारी १८८३ रोजीं पेंडल्टन यांचा कायदा मंजूर झाला आणि परीक्षेनें नेमणूक करण्यास आरंभ झाला. प्रथम एकंदर जागांपैकीं सुमारें दशांशच त्याखालीं आल्या.

या सुधारणेचा धागा आमच्या देशापर्यंत येऊन पोंचतो. परीक्षामंडळाचे पहिले अध्यक्ष डॉर्मन ईटन यांनीं अध्यक्ष हेझ यांच्या सांगण्यावरून ब्रिटिश नोकरव्यवस्थेचा अभ्यास करून १८८० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला होता. आणि ब्रिटिश व्यवस्थेंत खुल्या चढाओढीच्या परीक्षेचा पहिला मोठा प्रयोग हिंदुस्थानच्या मुलकी नोकरीसाठींच झाला. १८५३ च्या कायद्यानें मार्ग मोकळा केला, १८५४ सालीं मेकॉले यांच्या समितीनें योजना आंखली व १८५५ सालीं पहिली परीक्षा झाली. १८६९ च्या परीक्षेंत चार हिंदी उमेदवार उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बानर्जी आणि मुंबई इलाख्यांतील श्रीपाद बाबाजी ठाकूर. पैकीं बानर्जी व ठाकूर यांचीं नांवें वयाच्या मुद्द्यावर गाळण्यांत आलीं. बानर्जींच्या बाबतींत घोटाळा असा कीं, कलकत्त्याच्या प्रवेशपरीक्षेच्या वेळीं त्यांचें वय सोळा नोंदलेलें होतें. आपल्याकडे ‘सोळावें लागलें’ म्हणजेहि सोळा म्हणण्याची रीत. इंग्रजांचा हिशेब पूर्ण झालेल्या वर्षांचा. प्रकरण क्वीन्स बेंच न्यायालयापुढें गेलें आणि दोघांचींहि नांवें पुन्हां यादींत आलीं. अर्जांतील एका रकान्याचा अर्थ दोन समाजांत निरनिराळा असला म्हणजे काय होतें, याचें यापेक्षां स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. ही तक्रार न्यायालयांत गेली व बानर्जींनीं १९२५ च्या आत्मचरित्रांत लिहून ठेवली, म्हणून आपणांस कळली. कोर्टांत जाण्याची ऐपत नसलेल्या उमेदवाराची तक्रार अशी उरत नाहीं.

४. आतां मूळ विषयाकडे वळूं. अमेरिकेंत सरकारी अर्जाचा ‘एकशें एकाहत्तर क्रमांकाचा’ लांबलचक छापील नमुना दीर्घकाळ प्रचारांत होता. अध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकिर्दींत सरकारी कामाची छाननी झाली, दहा हजार पानांचें नोकरनियमांचें पुस्तक १९९३ च्या अखेरीस मोडींत निघालें, आणि १ जानेवारी १९९५ पासून हा नमुनाहि रद्द झाला. त्याच छाननीच्या ओघांत ११ सप्टेंबर १९९३ रोजीं अध्यक्षांनीं हुकूम काढला कीं, प्रत्येक खात्यानें आपलीं गिऱ्हाइकें कोण हें ठरवून त्यांचें समाधान कितपत होतें याची पाहणी करावी. सरकाराशीं काम पडणारास ‘गिऱ्हाईक’ म्हणणें ही कल्पना बाजारपेठेंतील. ती नोकरीच्या उमेदवारास लागूं झाली हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण गिऱ्हाईक पैसे देऊन माल घेऊन जातें, आणि उमेदवार बहुधा रिकाम्या हातानें परततो.

१९९६ सालीं ‘यूएसएजॉब्स’ हें संकेतस्थळ सुरू झालें. १९९९ सालीं सरकारानें मिशिगन विद्यापीठांत १९९४ पासून चालू असलेला ‘अमेरिकन ग्राहकसंतोष निर्देशांक’ हें आपलें सामायिक माप म्हणून पत्करलें. त्याची रीत सोपी आहे. मुख्य प्रश्न तीन: एकंदर समाधान किती, अपेक्षेच्या मानानें कसें वाटलें, आणि आदर्श सेवेच्या किती जवळ. प्रत्येकास एक ते दहा गुण द्यावयाचे. त्यांवरून शून्य ते शंभर असा एक आंकडा निघतो. यूएसएजॉब्सच्या संकेतस्थळासहि हें माप लावण्यांत आलें, आणि अर्ज करणारांसाठीं मनुष्यबळखात्याची निराळी प्रश्नावलीहि प्रचारांत आली.

५. हस्तलिखितांच्या संग्राहकांस यांतील एक गोष्ट विशेष रुचेल. १९८० च्या कागदपत्र-लाघवाच्या कायद्यानें, दहा किंवा अधिक माणसांस एकच प्रश्नावली घालावयाची झाल्यास खात्यास वरिष्ठ कचेरीची मंजुरी लागते. त्यापूर्वीं सरकारी राजपत्रांत नोटीस देऊन लोकांच्या सूचना मागवाव्या लागतात, भरणारास किती मिनिटें लागतील याचा अंदाज छापावा लागतो, आणि मंजुरीचा क्रमांक प्रश्नावलीवर घालावा लागतो. तो क्रमांक नसेल तर उत्तर न दिल्याबद्दल कोणास शिक्षा होऊं शकत नाहीं. आपल्या दफ्तरांतील शिक्कामोर्तबाचेंच हें नवें रूप. यामुळें प्रश्न कोणी, केव्हां, कोणत्या शब्दांत विचारले याचा अस्सल पुरावा राजपत्राच्या १९३६ पासूनच्या अखंड मालिकेंत मिळूं शकतो. प्रश्नांचें दफ्तर उत्तम आहे. प्रश्न आहे तो उत्तरांचा.

६. साधनपरीक्षेचा पहिला नियम असा कीं, लिहिणारा कोण हें आधीं ठरवावें. अर्ज पुरा पाठविल्यावर जी प्रश्नावली पुढें येते, तींत लिहिणारा म्हणजे दार ओलांडून आंत आलेला मनुष्य. समजा शंभर जणांनीं अर्ज भरण्यास हात घातला, साठ जण मध्येंच कंटाळून निघून गेले, आणि उरलेल्या चाळिसांनीं सरासरी ऐंशी गुण दिले. दफ्तरांत ऐंशी हा आंकडा राहील; साठ जण कोठेंच राहणार नाहींत. आणखी पुढें जाऊन पहा. पद्धत सुधारली, आणि पूर्वीं निघून जाणारांपैकीं तीस जण या खेपेस कसेबसे शेवटास पोंचले. त्यांनीं पन्नास गुण दिले, तर सत्तर जणांची सरासरी सदुसष्टाच्या आसपास उतरेल. काम सुधारलें आणि आंकडा घसरला! कोणी चिटणीस या दोन आंकड्यांवरून ‘ऱ्हास झाला’ असें लिहील, तर तें बखरकाराच्या अतिशयोक्तीइतकेंच चुकीचें होईल. म्हणून आमचें मत असें कीं, किती जणांनीं आरंभ केला व किती जणांनीं सोडून दिलें, हे दोन आंकडे बरोबर नसतील तर संतोषाचा आंकडा एकटा पुरावा म्हणून घेऊं नये.

याउलट, न विचारतां बोललेल्या उमेदवारांचा पुरावा पहा. २००३ पासून खासगी कंपनीच्या हातीं असलेलें हें संकेतस्थळ ऑक्टोबर २०११ मध्यें सरकारच्या मनुष्यबळखात्यानें स्वतःकडे घेतलें. नवी रचना सुरू होतांच ती अडखळली. सर्वांस परवलीचे शब्द नव्यानें घ्यावे लागले, शोध नीट चालेना, आणि उमेदवारांनीं संकेतस्थळाच्या फेसबुकच्या पानावर आपला संताप ओतला. पुढच्याच महिन्यांत प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढें चौकशी झाली. काय बिघडलें, कोणत्या पायरीवर, कोणाचें कोणतें नुकसान, हें या तक्रारींतून कळतें. गुणांची सरासरी एवढेंच सांगते कीं कांहीं तरी बिघडलें.

निबंधप्रश्नांचा इतिहासहि असाच बोधप्रद आहे. ११ मे २०१० रोजीं अध्यक्ष ओबामा यांनीं आज्ञापत्र काढून, पहिल्या अर्जाबरोबर निबंधवजा उत्तरें मागण्याची जुनी चाल त्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून बंद करण्यास सांगितलें, आणि अर्ज कोणत्या पायरीवर आहे हें उमेदवारास कळवावें असेंहि बजावलें. २९ मे २०२५ रोजीं जाहीर झालेल्या नेमणुकांच्या नव्या योजनेंत चार लहान निबंधप्रश्न परत आले. पंधरा वर्षांत चक्र फिरून पूर्वस्थळीं आलें. या दोन्ही टोकांना उमेदवारांस काय वाटलें हें ताडून पाहावयाचें, तर दोन्ही वेळचे प्रश्न एकच हवेत, आणि उमेदवारांचे स्वतःचे शब्द हवेत.

७. ते शब्द मात्र उरत नाहींत. अमेरिकन राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणें नोकरीच्या अर्जांचे संच पाठविल्यापासून एका वर्षानें नष्ट करावयाचे असतात. लाखों लोकांची खासगी माहिती कायम सांठवून ठेवणें धोक्याचें आहे, हा त्या नियमामागील हेतु आम्हांस मान्य आहे. पण परिणाम असा होतो कीं, १७८९ सालच्या गॉडर्डबाईंची कैफियत आपण वाचूं शकतों, आणि आजच्या नाकारलेल्या उमेदवाराचा अर्ज येत्या वर्षीं कोणासहि वाचतां येणार नाहीं. त्याचा एक गुण तेवढा सरासरींत विरून राहील.

यावर उपाय आमच्या मतें तीन आहेत. पहिला, प्रश्नावलींतील मोकळ्या जागेंत उमेदवार जें स्वतःच्या शब्दांत लिहितात, त्याचा नांवगांव वगळून ठराविक प्रमाणांत नमुना कायमचा राखावा. दुसरा, प्रत्येक पाहणीबरोबर अर्ज अर्धवट सोडणारांची संख्या जोडावी. तिसरा उपाय आपणां संग्राहकांच्या हातचा आहे. सरकारी जाहिराती, अर्जांचे कोरे नमुने, नाकारल्याचीं पत्रें, पडद्यावरील पानांच्या छापील प्रती यांस आज रद्दीचीहि किंमत येत नाहीं; परंतु पेशवाईंतील यादीहि एके काळीं वाण्याच्या पुड्यांना गेल्या, हें आपणांस सांगावयास नको. आपल्याकडेहि अर्ज आतां संगणकावरूनच होतात, आणि ते पुसले जाण्यास कसर किंवा वाळवीचीहि गरज लागत नाहीं. ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते फेंकूं नयेत, त्यांवर तारीख घालून ठेवावेत, एवढीच विनंती करून हें टिपण पुरें करतों.