गडावरून नदीकाठी : भोरचा राजवाडा आणि त्याचे विलायती सोबती

विषय भोरच्या राजवाड्याचा आहे, पण बोलायला सुरुवात आम्ही वेल्ह्यातून करणार आहोत. राजवाडा १८६९ चा. म्हणजे तो ‘इंग्रजी अमदानीतला’ असं सांगून आपण मोकळे होतो. पण ज्यांनी तो बांधला ते सचिव घराणं इंग्रज पुण्यात यायच्या सव्वाशे वर्षं आधीपासून या मुलखात होतं, आणि त्या सव्वाशे वर्षांत त्यांचा पाया गडांवर होता. तो पाया गडावरून नीरेच्या काठावर कसा आला, हे समजलं की मग वाड्याची दर्शनी कमान आणि आतला चौक यांचा मेळ लागतो.

आधी एक किरकोळ गोष्ट, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. जुन्या इंग्रजी कागदांत खंडाळ्याचा बोरघाटही ‘भोर घाट’ असा लिहिलेला सापडतो. त्या घाटाचा आपल्या भोरशी काही संबंध नाही. आपला घाट वरंध्याचा, महाडकडे उतरणारा.

तर सचिव. अष्टप्रधानांतलं हे पद, जुनं नाव सुरनीस. तलवारीपेक्षा लेखणीचं काम. राजपत्रं तपासायची, महाल-परगण्यांचे हिशेब बघायचे, शब्द चुकला असेल तर दुरुस्त करायचा. शंकराजी नारायण यांनी मात्र राजाराम महाराजांच्या काळात दोन्ही कामं केली. मोगलांनी घेतलेले गड परत मिळवण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि १६९७ मध्ये त्यांना जो मुलूख मिळाला तेच पुढचं भोर संस्थान. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. इकडे ताराबाईंना दिलेली शपथ, तिकडे छत्रपतींचा वारस. या पेचात शंकराजींनी प्राण सोडले. त्यांची समाधी भोरजवळ अंबवड्याला आहे. राजवाडा बघायला येणाऱ्यांनी आधी तिथे जावं, असं आम्ही आग्रहानं सांगतो. ज्या घराण्याचा वाडा बघायचा, त्याच्या मूळ पुरुषाला हा मुलूख किती महाग पडला ते तिथे कळतं.

या मुलखाचे पुढे पाच तालुके झाले. त्यांची नावं बघा : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. पाचांतले चार तालुके थेट किल्ल्यांच्या नावाचे. महसुलाची वाटणीच गडांवरून झालेली. आजच्या वेल्ह्यातला तोरणा आणि शिवछत्रपतींची पहिली राजधानी राजगड, दोन्ही १९४८ पर्यंत भोर संस्थानात होते. गड म्हणजे तेव्हा नुसता किल्ला नव्हे. तिथे सदर, कोठार, दप्तर, देऊळ आणि राहतं घर, सगळं एका तटाच्या आत. धान्य वर चढायचं, हुकूम खाली उतरायचे.

गड हातचे जातही होते, आणि नेहमी लढाईतच जात होते असं नाही. शंकराजींचे चिरंजीव नारो शंकर यांना दमाजी थोराताने पकडलं. बाळाजी विश्वनाथांनी त्यांची सुटका केली, आणि त्या उपकारापोटी पुरंदर पेशव्यांकडे गेला. पुढे सिंहगडही गेला. त्याच्या बदल्यात तुंग आणि तिकोना मिळाले. सिंहगड देऊन तुंग-तिकोना घेणं हा सौदा कसा होता, ते आम्ही पुणेकरांसमोर सांगायला नको!

आता विलायतेकडे वळू, कारण असाच प्रवास तिथे आधी झाला होता. इंग्लंडचे सरदार मध्ययुगात तटबंदीच्या किल्ल्यात राहायचे. ट्यूडर राजांच्या काळात आपापसातल्या लढाया थांबल्या, तोफांपुढे जुने तट तसेही टिकेनात, आणि सरदार हळूहळू उघड्यावरच्या मोठ्या घरांत राहायला आले. डर्बीशायरमधलं हार्डविक हॉल १५९० च्या दशकातलं. भिंतीपेक्षा काचेच्या खिडक्याच डोळ्यांत भरतात. इतकी काच लावणाऱ्याला गोळी येण्याची भीती नाही, हे तो जगाला सांगत असतो. मग त्या घराभोवती शेकडो एकरांचं रान, तळं, झाडी. मालक दिवाणखान्यातून आपली जमीन बघणार, आणि जमीन कसणाऱ्या कुळांचा खंड वर्षाकाठी त्या घरात येणार. अशा घराला तिथे कंट्री हाऊस म्हणतात. ‘खेड्यातलं घर’ असं भाषांतर केलं तर फसगत होते. आपल्याकडचा जवळचा शब्द शोधायचाच तर तो ‘वतनाचा वाडा’ असेल.

आमच्याकडे ती शांतता १८१८ नंतर आली, आणि ती आमची नव्हती. पेशवाई बुडाली. सचिव साताऱ्याच्या छत्रपतींच्या छत्राखाली राहिले. १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यावर त्यांचा संबंध थेट इंग्रज सरकारशी आला. गडांवरची शिबंदी, तोफा, दारूगोळा यांना अर्थ उरला नाही. पावसाळ्यात दोन-दोन महिने ढगात राहणाऱ्या माथ्यावरून कारभार हाकायचं आता कारण काय? कारभार नदीकाठी, बाजारपेठेच्या गावी बसला. १८३९ ते १८७१ या काळात गादीवर असलेले चिमणाजीराव रघुनाथराव यांनी त्या बदलाला दगड-विटांचं रूप दिलं. तो हा राजवाडा.

त्या वर्षांत पुण्याला काय चाललं होतं बघा. भोरपासून पन्नासेक किलोमीटरवर, गणेशखिंडीत, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी १८६४ मध्ये स्वतःसाठी बंगला बांधायला घेतला होता. वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ. इटालियन वळणाची इमारत, कडेला उंच मनोरा, भोवती मोठं रान. तिचा चेहरा व्हिक्टोरिया राणीच्या वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न हाऊसची आठवण करून देतो. थोडक्यात, एक अस्सल इंग्रजी कंट्री हाऊस आमच्या उंबऱ्यावर उभं राहत होतं. १८७१ ला ते पूर्ण झालं, आणि आज तिथे आपलं पुणे विद्यापीठ आहे. भोरच्या वाड्याने गणेशखिंडीची नक्कल केली, असं आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही बांधकामं एकाच हवेतली आहेत. गोल कमानींच्या रांगा, खांब, समतोल दर्शनी भाग ही त्या काळी प्रतिष्ठेची भाषा होती, आणि संस्थानिकाला गोऱ्या अधिकाऱ्याशी त्याच भाषेत बोलावं लागत होतं.

हे बोलणं मात्र रस्त्यापुरतं. देवडी ओलांडून आत या, की वाडा आपला होतो. मधे चौक, चौकाभोवती ओसरी, वर माडी, लाकडी खांब आणि त्यांवरचं कोरीव काम, बसायला दरबार. विलायती घराचं तोंड बाहेर, आपल्या रानाकडे. मराठी वाड्याचं तोंड आत, चौकाकडे. भोरमध्ये एकाच इमारतीला ही दोन तोंडं आहेत, आणि आमच्या मते तिचं खरं मोल यात आहे. काही जाणकार याला ‘सरमिसळ’ म्हणून नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. चिमणाजीरावांना दोन ठिकाणी जाब द्यायचा होता, एक पुण्याच्या साहेबाला आणि दुसरा आपल्या कुळाचाराला. वाड्याने दोन्ही जाब दिले. रामजन्माचा उत्सव तिथे साजरा होत आला, तो काही कमानींसाठी नव्हे.

आता जरा पैशाचं बोलू. १९०१ च्या शिरगणतीत भोर संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ लाख ३७ हजार होती आणि क्षेत्रफळ सव्वानऊशे चौरस मैल. एवढा मुलूख, पण त्यातला बराचसा डोंगर. हिरडस मावळ, गुंजण मावळ, वेळवंड खोरं : भात, नाचणी, वरई. पाऊस भरपूर, सपाट जमीन थोडी. राजवाड्यातली प्रत्येक तुळई या उतारावरच्या शेतातून आलेल्या साऱ्यावर उभी आहे. वाडा बघताना आपण खांब मोजतो, हा हिशेब मोजत नाही. पुढे भाटघरला वेळवंडी अडवून लॉइड धरण झालं. खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात, बारामती-इंदापूरकडे गेलं. डोंगरातल्या माणसाने सारा दिला, जमीन दिली, आणि ऊस दुसरीकडे उभा राहिला.

आणि मग तो सारा थांबला. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. कूळकायदा आला, इनामं गेली. १९७१ मध्ये देशभरातल्या संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. शेतकऱ्याच्या बाजूने हे व्हायलाच हवं होतं, यात आम्हाला शंका नाही. पण वाड्याच्या बाजूने पाहा. छप्पर तेवढंच, पाऊस तेवढाच, आणि उत्पन्न शून्य. इंग्लंडमध्ये १८९४ च्या वारसाकरानंतर हेच झालं. तिथे मोठी घरं अक्षरशः पाडून दगड विकले गेले. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने पाडलेल्या घरांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा यादी हजाराच्या वर गेली होती. जी वाचली, त्यांतली बरीच नॅशनल ट्रस्टमुळे. १९३७ पासून त्यांची योजना अशी, की घर ट्रस्टला द्यायचं, देखभालीची तजवीज सोबत द्यायची, कुटुंबाने तिथेच राहायचं आणि ठरावीक दिवशी लोकांना आत सोडायचं. दुसरा मार्ग कॅमेऱ्याचा. हायक्लियर कासल ‘डाउनटन ॲबी’ मालिकेने जगाला माहीत झालं आणि त्या पैशावर त्याची दुरुस्ती झाली. भोरच्या राजवाड्यातही हिंदी-मराठी चित्रपटांची चित्रीकरणं होतात. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न असतो : चुन्याचा गिलावा आणि सागवानी तुळया दर पावसाळ्यात कोण बघणार, आणि कशातून?

फक्त एक भीती वाटते. कॅमेऱ्याला चौक हवा असतो, त्याला दप्तर लागत नाही. सचिवांचं घर हे मुळात कागदांचं घर. चौक रंगवून नीट ठेवला आणि वेळवंडचा, गुंजण मावळचा गावोगावचा हिशेब वाळवीला गेला, तर उरेल तो सुंदर देखावा. तालुक्यातल्या जुन्या देशमुख घराण्यांची, कारीच्या जेध्यांसारख्यांची घरंही याच गोष्टीचा भाग आहेत. राजवाडा एकटा जपून भागणार नाही.

शेवटचं एक. ज्यांना चालायची सवय आहे त्यांनी पालीजवळच्या सुधागडावर जावं. वर भोराई देवीचं देऊळ आहे, आणि पंतसचिवांचा जुना वाडा आहे. साधा, लाकडी खांबांचा, ओसरीचा. विलायती कमानीचं तिथे नाव नाही. मुक्कामी येणारे गिर्यारोहक त्या वाड्यात पथारी टाकतात. भोर आणि सुधागड लागोपाठच्या दोन दिवसांत बघता आले तर बघा, आम्ही काय म्हणत होतो ते डोळ्यांनी दिसेल. आता प्रश्न असतील तर घेऊ.