'सॅव्हरोला' आणि बंगळूरची छावणी

विन्स्टन चर्चिल यांच्या 'सॅव्हरोला' या एकमेव कादंबरीचा आरंभ १८९७ मध्ये बंगळूरच्या लष्करी छावणीत झाला. फावल्या वेळी गिबन व मेकॉले वाचणारा बावीस वर्षांचा हा घोडदळाचा अधिकारी, लॉरानिया या कल्पित प्रजासत्ताकातील हुकूमशाहीविरुद्ध उठणारा लोकनायक रंगवू लागला. कथानक बेताचेच, जीव आहे तो नायकाच्या वक्तृत्वात. त्याच वर्षी मुंबईत लोकमान्य टिळकांना 'केसरी'तील लेखनाबद्दल राजद्रोहाच्या आरोपावरून १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. शब्दाने राज्ये हलतात हे चर्चिल जाणत होते. पण त्यांचे प्रजास्वातंत्र्य भूमध्य समुद्राच्या काठीच नांदते, छावणीच्या वेशीबाहेर ते डोकावत नाही. १९०० मध्ये पुस्तकरूपाने आलेली ही कृती वाचू नका, असे आपण मित्रांना सांगत आलो, हे त्यांनीच १९३० च्या आत्मकथनात लिहिले आहे.