पडद्यावरच्या अरण्याची अवजारे

व्हिडिओ गेममधील परिसर उभा करताना झाडांसाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा आज गेम-निर्मितीतील नित्याचा प्रश्न असला, तरी त्यामागे अर्ध्या शतकाहून मोठा इतिहास आहे आणि त्यात दोन वेगळी उद्दिष्टे सतत एकमेकांशी झगडताना दिसतात. झाड जसे वाढते तसे ते गणिताने वाढवावे, हे एक उद्दिष्ट. आणि झाड जसे दिसते तसे ते सेकंदाच्या साठाव्या भागात पडद्यावर उमटावे, हे दुसरे. पहिल्याचा उगम जीवशास्त्रात झाला, दुसऱ्याचा संगणकाच्या मर्यादेतून. आणि गेमच्या क्षेत्रात जी साधने टिकली, ती बहुतांशी दुसऱ्याला प्राधान्य देणारी होती.

हंगेरीत जन्मलेले आणि पुढे नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठात अध्यापन केलेले जीवशास्त्रज्ञ अॅरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ मध्ये साध्या तंतुमय सजीवांच्या वाढीसाठी एक चिन्हपद्धती मांडली, जिला आज ‘एल-सिस्टिम’ म्हणतात. या पद्धतीत सजीवाची रचना अक्षरांच्या ओळीने दाखवली जाते आणि वाढीच्या प्रत्येक टप्प्याला ओळीतील सर्व अक्षरे ठरलेल्या नियमांनुसार एकाच वेळी बदलली जातात. ‘अ’च्या जागी ‘अब’ आणि ‘ब’च्या जागी ‘अ’ लिहावे एवढाच नियम घेतला, तर एका ‘अ’पासून सुरू झालेल्या ओळीची लांबी १, २, ३, ५, ८, १३ अशी वाढत जाते. युरोपात फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाणारी ही श्रेणी भारतात विरहांक आणि हेमचंद्र यांनी मात्रावृत्तांच्या गणनेतून त्याच्या आधीच हाताळली होती. ओळीत कंस वापरण्याची सोय झाल्यावर फांदीही लिहिता आली: कंस उघडला की मुख्य अक्षापासून फांदी फुटते आणि मिटला की लेखन पुन्हा फुटव्याच्या जागी येते. कॅनडातील रेजायना विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ प्रझेमिस्लाव प्रुसिन्कीविच यांनी या चिन्हांना भूमितीचा अर्थ देऊन प्रत्यक्ष चित्रे काढली आणि लिंडेनमायर यांच्यासह त्यांनी लिहिलेला वनस्पतींच्या गणिती सौंदर्यावरील ग्रंथ १९९० मध्ये, म्हणजे लिंडेनमायर यांच्या निधनानंतरच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. झाडाचा आकार हा त्याच्या वाढीचा परिणाम असतो, ही या ग्रंथामागची धारणा आजही निर्विवाद सुंदर वाटते. तथापि अशा पद्धतीत हवे तसे झाड मिळवण्यासाठी आधी त्याचे नियम शोधावे लागतात, आणि एक फांदी जरा खाली झुकवायची असलेल्या चित्रकाराला हा मार्ग फार लांबचा पडतो.

चित्रपटसृष्टीने निराळी वाट धरली. १९८४ मध्ये लुकासफिल्मच्या संगणक विभागाने तयार केलेल्या ‘द अॅडव्हेंचर्स ऑफ आंद्रे अँड वॉली बी.’ या लघुपटातील अरण्य विल्यम रीव्ह्ज यांनी कणप्रणालीने, म्हणजे असंख्य सूक्ष्म ठिपके व रेघा नियमबद्ध रीतीने पसरवून, उभे केले. परंतु चित्रपटाची एक चौकट संगणकाला सावकाश घडवता येते, ती सवलत गेमला नसते. निर्णायक वळण आले ते १९९५ मध्ये, जेव्हा जेसन वेबर आणि जोसेफ पेन यांनी झाडांची निर्मिती व चित्रण यांवरील आपला शोधनिबंध सिग्राफ या संगणक-चित्रणाच्या परिषदेत मांडला. वनस्पतिशास्त्राच्या तत्त्वांना काटेकोरपणे चिकटून न राहता झाडाच्या एकूण भौमितिक ठेवणीवर भर द्यायचा, हे त्यांनी स्पष्टपणे स्वीकारले होते. फांदीचा कोन, तिची वक्रता, तिच्या लांबीचे खोडाशी प्रमाण अशा आकड्यांच्या संचातून त्यांनी अॅस्पेन, विलो, ओक यांसारखी झाडे घडवली. शिवाय झाड दूर जाईल तसे खोड-फांद्यांचे रेघांत आणि पानांचे ठिपक्यांत रूपांतर करण्याची रीतही दिली. झाड घडवणे आणि ते दुरून दाखवणे हा एकच प्रश्न आहे, ही त्यांची जाण त्या निबंधातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मानली पाहिजे. ब्लेंडर या मुक्त सॉफ्टवेअरमधील ‘सॅपलिंग’ हे जोडसाधन याच निबंधावर आधारलेले आहे.

त्या काळातील गेममध्ये मात्र झाड म्हणजे बहुधा ‘बिलबोर्ड’ असे, म्हणजे पाहणाऱ्याकडे सतत तोंड वळवणारे एक सपाट चित्र, किंवा एकमेकांना छेदणाऱ्या दोन-तीन सपाट चित्रांची जुडी. ही उणीव हेरून अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यातील ‘इंटरअॅक्टिव्ह डेटा व्हिज्युअलायझेशन’ या कंपनीने २००२ मध्ये ‘स्पीडट्री’ बाजारात आणले. त्याचे सामर्थ्य केवळ झाडाच्या आकारात नव्हते. त्यात आकार घडवण्याच्या साधनासोबत गेमच्या इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, जोडता येणारा कार्यक्रमसंच मिळे आणि जवळच्या सविस्तर झाडापासून दूरच्या सपाट चित्रापर्यंतच्या पायऱ्या, तसेच वाऱ्यावरची हालचाल, यांची व्यवस्था त्यातच असे. २००६ मध्ये बेथेस्डा या कंपनीच्या ‘द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन’ या गेममधील विस्तीर्ण अरण्यांनी हे साधन सर्वतोमुखी केले. स्वतःचे इंजिन असलेल्या मोठ्या संस्था हे काम आपल्या बळावरही करत. २००७ च्या ‘क्रायसिस’ या गेममध्ये पानांच्या कडांची थरथर आणि संपूर्ण झाडाचे डोलणे वेगवेगळे हिशेबले होते आणि कोणत्या भागाने किती हलावे याची नोंद आकृतीच्या शिरोबिंदूंच्या रंगांत साठवली होती. लहान संस्थांना मात्र स्पीडट्री आवाक्यात आले ते २०१४ नंतर, जेव्हा त्याचा परवाना अनरियल इंजिन या गेम-इंजिनसाठी मासिक शुल्कावर मिळू लागला. २०२१ मध्ये स्पीडट्रीची मूळ कंपनीच युनिटी या गेम-इंजिन बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतली.

या परंपरेतील एक गृहीतक भारतीय वाचकाला विशेष जाणवेल. कंसांच्या ओळीत काय किंवा वेबर-पेन यांच्या आकड्यांत काय, फांदी खोडातून फुटते, बारीक होत जाते आणि हवेतच संपते. वडाची पारंबी मात्र फांदीतून खाली उतरते, जमिनीत रुजते, जाड होते आणि त्याच फांदीला टेकू देणारे नवे खोड बनते. ही बंदिस्त रचना कंसांच्या साध्या चिन्हलेखनात बसत नाही आणि वड हवा असेल, तर पारंब्या वेगळ्या घडवून हाताने जोडता येतील असे साधन निवडावे लागते. मूळ आदर्श समशीतोष्ण प्रदेशातील झाडांचे असल्याने ही त्रुटी राहिली आणि ती दूर करण्याची निकड अद्याप पुरेशा गांभीर्याने घेतली गेलेली नाही.

अलीकडे निवडीचे निकषच बदलू लागले आहेत. एका सपाट तुकड्यावर डहाळीचे चित्र चिकटवून रिकामा भाग पारदर्शक ठेवायचा, हा पानांचा वर्षानुवर्षांचा तोडगा होता, कारण त्यात त्रिकोण कमी लागत. गेममधील आकृत्या संगणक बहुतांशी त्रिकोणांतूनच रेखाटतो. अनरियल इंजिन ५ मधील ‘नॅनाइट’ या पद्धतीने दिसेल तेवढाच तपशील रेखाटण्याची सोय केली आणि नोव्हेंबर २०२२ मधील ५.१ या आवृत्तीपासून ती वाऱ्यावर हलणाऱ्या पर्णसंभारालाही लागू झाली. या पद्धतीत एकामागे एक येणारे पारदर्शक तुकडेच महाग पडतात आणि प्रत्यक्ष कापलेल्या आकाराची पाने तुलनेने स्वस्त ठरतात. त्यामुळे त्रिकोण वाचवणाऱ्या साधनापेक्षा पान, देठ आणि डहाळी यांची खरी घडण देणारे साधन आता अधिक उपयोगी ठरते, आणि जुन्या तोडग्यानुसार तयार केलेले झाडांचे संग्रह अशा इंजिनासाठी पुन्हा घडवून घ्यावे लागतात.