आर्कफोर-रँडम
ओपनबीएसडी या संगणक प्रणालीतील यादृच्छिक संख्या पुरवणारे फंक्शन. मुळात ते रॉन रिव्हेस्ट यांच्या आरसी-४ (१९८७) या सांकेतन पद्धतीवर चाले. तिने तयार केलेल्या बाइटांच्या प्रवाहातला दुसरा बाइट शून्य निघण्याची शक्यता २५६त एक हवी. ती जवळपास दुप्पट असल्याचे संशोधक मँटिन व शमीर यांनी २००१ मध्ये दाखवले. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सुभमय मैत्र, गौतम पॉल यांनीही आरसी-४ मधले असे आणखी कल उघड केले. त्यावर उपाय म्हणून प्रवाहातले सुरुवातीचे बाइट फेकून देणे ही निव्वळ मलमपट्टी होती. अखेर २०१३ मध्ये फंक्शनमध्ये आरसी-४ च्या जागी डॅनियल बर्नस्टाइन यांची चाचा-२० पद्धत बसवली गेली. २०१४ च्या ५.५ आवृत्तीतून ती वापरात आली. फंक्शनचे नाव तेवढे जुनेच ठेवले, आणि ते शहाणपणाचेच : फंक्शन वापरणाऱ्या प्रोग्रॅमांत एक ओळही बदलावी लागली नाही.